बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची संख्या मोठी आहे, पण तिच्यात गणिताचं काही विशेष आहे का?

आहे, आणि ते तिच्या आकारात नाही. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत चौसष्ट घरांचे होतात 1,84,46,74,40,73,70,95,51,615 दाणे, म्हणजे 2⁶⁴ वजा 1. (बरेच जण 2⁶³ सांगतात. ते एकट्या शेवटच्या घराचे.) भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातली अंकांची अठरा स्थानं परार्धाला (एकावर सतरा शून्यं) संपतात, ही संख्या 184 परार्धांच्याही पुढे जाते.

आकाराचं कुतूहल मलाही होतं. आमच्या इंदूरला सराफ्यात एक सोनार मित्र आहे. संध्याकाळी, दुकानासमोर चाटवाले मांडामांड करत असताना, त्याच्या काट्यावर मी घरच्या गव्हाचे शंभर दाणे ठेवले. चार ग्रॅमच्या थोडे वर भरले. "आता हे पण गहाण ठेवणार का?" म्हणाला. चारच ग्रॅम धरले तरी एकूण वजन 73 हजार कोटी टनांच्या वर जातं. जगात वर्षाला साधारण 80 कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशे वर्षांचं पीक झालं. असो.

खरी मजा अवयवांत आहे. एवढी वीस अंकी संख्या फोडायला आठवीतलं a² − b² पुरतं! 2⁶⁴ − 1 = (2³² − 1)(2³² + 1). डावा कंस पुन्हा तसाच फोडा, त्यातला डावा पुन्हा. वजावाला कंस शेवटी 1 होऊन विरतो आणि अधिकवाले उरतात: 3, 5, 17, 257, 65537 आणि 4294967297. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितीला वाटलं, पुढच्याही सगळ्या असणार. मलाही वाटलं असतं.

पण 1732 मध्ये स्विस गणिती ऑयलरने सहावी फोडून दाखवली: 641 × 6700417. त्यानेच पुढे सिद्ध केलं की हिचा मूळ अवयव 64 च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असतो (इथेही चौसष्ट, बघा). म्हणजे तपासायच्या मूळ संख्या फक्त 193, 257, 449, 577 आणि मग 641. पाचव्या भागाकाराला काम फत्ते.

भागाकार न करताही पटतं. 641 दोन तऱ्हेने लिहा: 5 × 2⁷ + 1 आणि 5⁴ + 2⁴. 641 ने भागल्यावरच्या बाकीच्या हिशोबात पहिल्यावरून 5 × 2⁷ म्हणजे −1. त्याचा चौथा घात घेतला की 5⁴ × 2²⁸ म्हणजे 1. दुसऱ्यावरून 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवा: −2³² म्हणजे 1, म्हणून 2³² + 1 ची बाकी शून्य. मी हे पहिल्यांदा बिलाच्या पाठीवर लिहून पाहिलं तेव्हा दोनदा तपासलं, इतकं सोपं कसं म्हणून.

6700417 सुद्धा मूळच आहे. तेव्हा दाण्यांच्या संख्येचे मूळ अवयव सात, प्रत्येक एकदाच, आणि विभाजक 2⁷, म्हणजे 128. पटाच्या घरांच्या बरोबर दुप्पट.