'पैसे परत मिळणार नाहीत' या पाटीला किती भ्यायचं?

प्रश्न : हॉस्टेलजवळच्या सेल्फ-सर्व्हिस लाँड्रीत मशीनवरचा क्यूआर स्कॅन करून १८० रुपये भरले. खात्यातून गेले, पण मशीन सुरूच झालं नाही. पुन्हा १८० भरल्यावर चाललं. भिंतीवर पाटी आहे, 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही'. मालक म्हणतो, फार तर ॲपमध्ये क्रेडिट देतो. एवढ्याशा रकमेसाठी काही करता येतं का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : येतं. आधी ते पहिले १८० कुठे अडकलेत ते बघा. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडा, बारा आकडी यूटीआर नंबरासकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. 'पेंडिंग' किंवा 'फेल्ड' दिसत असेल तर मालकाशी भांडून उपयोग नाही, बँकेकडे तक्रार करा. पैसे कापले गेले आणि दुकानदाराला ते मिळाल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे तसं.

'सक्सेसफुल' असेल तर मात्र मालकाला सोडू नका. त्याचं मशीन आणि त्याचा क्यूआर यांचं जमत नाही, ही त्याची डोकेदुखी. पैसे घेऊन सेवा न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. त्या पाटीचं म्हणाल, तर पाटी म्हणजे कायदा नव्हे. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर सदोष सेवेचे पैसे ३० दिवसांत परत न करणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. लाँड्रीवाल्यांची ही खोड जुनीच! कपडा हरवला तर किमतीच्या फक्त १५ टक्के देऊ, असं एकाने पावतीवर छापलं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने ती अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली (एआयआर १९६६ मद्रास १३). क्रेडिट घ्यायचं की रोख, हे तुम्ही ठरवा.

एक गोष्ट तुमच्या बाजूने भक्कम आहे : त्याच मशीनवर लागोपाठ दोनदा तेवढीच रक्कम. मालकाला व्हॉट्सॲपवर लेखी कळवा. तारीख, वेळ, मशीन नंबर, दोन्ही यूटीआर आणि 'सात दिवसांत १८० रुपये त्याच खात्यात परत करा' एवढंच. शिव्या नकोत, पुढे तोच मेसेज पुरावा होतो. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

जिल्हा ग्राहक आयोगात एवढ्या रकमेला फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. पण १८० रुपयांसाठी तारखा घ्या, असं मी सांगणार नाही. कपडे फाटले असते तर सांगितलं असतं.