पब्लिक हेल्थला ॲडमिशन घेतलीस? मग हे वाच

अभिनंदन गं! नातेवाईक "म्हणजे डॉक्टर होणार ना?" विचारत राहतील, त्यांना समजावत बसू नकोस. स्टॅट्स मात्र ऑप्शनला टाकू नकोस, सगळी गंमत अंश आणि छेदात आहे, म्हणजे बघ बालमृत्यू दर १००० जिवंत जन्मांमागे मोजतात, आता घरी जन्मलेलं बाळ दोन दिवसांत गेलं आणि कोणी नोंदवलंच नाही तर दर कागदावर मस्तच दिसणार ना. एनएफएचएस-५ ची (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१) तुझ्या जिल्ह्याची फॅक्टशीट फुकट मिळते, ती वाच आणि मग आशाताईंसोबत दिवसभर फिर. अंगणवाडीत बाळाचं वजन घेताना बघ, काटा आधी शून्यावर आणलाय का, अंगात स्वेटर तसाच आहे का... डेटा तिथेच बिघडतो!

जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम उभं केलं, गडचिरोलीत बंग दांपत्याने आरोग्यदूत घरोघरी पाठवून नवजात बाळं वाचवली, दोन्ही नीट समजून घे, परीक्षेत येवो न येवो. नोकरीचं म्हणशील तर नुसत्या डिग्रीवर बहुतेक सर्व्हेची कामं मिळतात, पगार बेताचाच, त्यामुळे पुढे एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) धरूनच चल आणि एक्सेल आत्ताच शिकून टाक.