विमानाचं विचारा : चाकं, टायर आणि खारा वारा

या खेपेच्या पत्रांत निम्मी पत्रं चाकांबद्दलची आहेत. पाऊस सुरू झाला की हे असंच होतं. धावपट्टी ओली झाली की लोकांना इंजिनापेक्षा चाकांची काळजी जास्त. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी वैमानिक नव्हे. विमान देखभाल अभियंता होते, आता निवृत्त, घर गोव्यात वास्कोला. हवेत काय वाटतं ते मला विचारू नका, चाकाखाली उभं राहिल्यावर काय दिसतं ते विचारा.

दाबोळी विमानतळावर आमचं विमान असं आदळलं, की वरच्या कप्प्याचं दार उघडून बॅग खाली आली. तासाभरात तेच विमान माणसं भरून परत उडालं. मधे तपासणी कुणी केली? – एक वाचक, म्हापसा

तुमच्या कमरेला काय जाणवलं आणि विमानाच्या यंत्रानं काय मोजलं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मागच्या रांगांत धक्का जास्त लागतो. शिवाय पावसात वैमानिक मुद्दाम घट्ट टेकवतात. ओल्या पट्टीवर फार हळुवार टेकवलं, तर चाक पाण्यावरच सरकत राहतं आणि ब्रेक पकडायला उशीर होतो. मऊ लँडिंगला टाळ्या वाजवणारी मंडळी बघितली की मला हसू येतं.

किती जोर सोसायचा, याचा आकडा नियमात आहे. नव्या विमानाला प्रमाणपत्र देताना सेकंदाला १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर वेगानं खाली आलेलं विमान गिअरनं, म्हणजे चाकं आणि त्यांचे खांब मिळून जो सांगाडा होतो त्यानं, झेलून दाखवावं लागतं. त्यावर राखीव म्हणून १२ फुटांची परीक्षा असते. तिथं गिअर वाकला तर चालतो, मोडता कामा नये. रोजचं लँडिंग सेकंदाला दोन-तीन फुटांत आटोपतं.

एअरबस ए-३२० जातीच्या विमानात धक्का साधारण २.६ जीच्या, म्हणजे गुरुत्वाच्या २.६ पटीच्या, वर गेला, की संगणक आपणहून अहवाल काढतो. वैमानिकाला वाटलं तर त्यानंही टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, तसं लिहायचं असतं. ‘हार्ड लँडिंग’ हे दोन शब्द तिथं उतरले, की पुस्तकात दिलेली तपासणी करून परवानाधारक अभियंत्यानं सही करेपर्यंत विमान जागचं हलत नाही. मग कुणी कितीही घड्याळ दाखवो. आणि घड्याळ दाखवणारे असतातच. दाबोळी हा नौदलाचा तळ, कामाच्या दिवसांत सकाळचे तास त्यांच्या सरावाला द्यावे लागत. त्यामुळे नागरी विमानांची दाटी दुपारनंतर आणि रात्री. एका विमानाला उशीर झाला की मागची सगळी रांग तुमच्या नावानं बोटं मोडते.

तपासणीत आधी टायर आणि रिमच्या कडा बघतात. मग स्ट्रट, म्हणजे तेल आणि नायट्रोजन भरलेला तो जाड खांब. त्याच्या खालच्या अंगाला चकचकीत क्रोमचा भाग दिसतो, तो किती इंच बाहेर आहे हे तक्त्याशी ताडून बघायचं. क्रोमवर तेलाची नुसती ओल आहे की धार लागली आहे, हेही बघायचं. हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं क्रोम पुसायचं आणि टॉर्च समोरून न मारता तिरपी धरायची. मग केसासारखी रेघ दिसली, तर ती फडक्याचा धागा आहे की ओरखडा, हे नखानं चाचपून ठरवायचं. त्यानंतर टॉर्क लिंकचे, म्हणजे चाकाला खांबाभोवती वळू न देणाऱ्या कात्रीसारख्या जोडाचे, सांधे आणि गिअर पंखाला जोडला जातो तिथला पत्रा. पत्र्याला सुरकुती दिसली किंवा रिव्हेटभोवती रंग उडालेला दिसला, तर काम वाढलं. मग विमान जॅकवर चढवून गिअर आत-बाहेर करून बघावा लागतो, आणि ते तासाभरात होत नाही.

तुमचं विमान तासाभरात उडालं, त्यावरून धक्का मर्यादेच्या आत असावा, एवढंच मी घरी बसून म्हणू शकते. दोन उड्डाणांच्या मधे चाकाभोवती फेरी मारून बघणं मात्र दर वेळी होतं, धक्का बसो वा न बसो.

विमानाच्या टायरवर नक्षी नसते, नुसत्या सरळ रेषा असतात. मग पावसात ते घसरत कसं नाही? आणि आत नायट्रोजनच का भरतात? – इयत्ता नववीतला वाचक, फोंडा

अरे, घसरतं ना! म्हणून तर एवढे नियम. मोटारीत इंजिन चाक फिरवतं, म्हणून टायरनं रस्ता धरायला हवा. विमानाचं चाक इंजिन फिरवत नाही, ते नुसतं सोबत फिरतं. त्याला फक्त पाणी बाजूला सारायचं असतं, आणि त्या कामाला सरळ खाचा पुरतात.

तुला वर्गमूळ येत असणार, तर हे गणित कर. टायरमधला दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड असा, घे, त्याचं वर्गमूळ काढ, ९ नं गुण. येईल तो वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. धावपट्टीवर पाणी साचलेलं असेल, तर या वेगाच्या वर टायर जमिनीला न टेकता पाण्यावर तरंगू शकतो. ए-३२० किंवा बोइंग ७३७ च्या मुख्य टायरमध्ये साधारण २०० पीएसआय असतात. उत्तर येतं १२७ नॉट, म्हणजे ताशी २३५ किलोमीटर. ही विमानं टेकतात साधारण १३० ते १४० नॉटला. म्हणजे थोडा वेग उतरला की टायरला जमीन मिळते. आता दाब १५० धरून तेच गणित कर. उत्तर ११० नॉट. हवा कमी असेल तर टायर जास्त वेळ पाण्यावर राहील, समजलं? आमचे लोक दाबमापक घेऊन चाकाशी का बसतात, ते यात आलं. हा दाबही टायर थंड असताना मोजायचा, कारण लँडिंगनंतर टायर तापतो आणि आकडा उगाच फुगलेला दिसतो. दिवसाला ५ टक्क्यांपर्यंत दाब आपोआप उतरणं चालतं. त्याहून जास्त उतरला तर कारण शोधावं लागतं.

खाच बुडापर्यंत झिजली की चाक काढतात. टायर भंगारात जात नाही. वर नवा थर चढवून पुन्हा कामाला लागतो. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, पण जगभर हीच रीत आहे.

नायट्रोजनचं कारण सोपं. त्यात ओल नसते आणि तो जळायला मदत करत नाही. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिको सिटीहून उडालेल्या मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७ चा एक ब्रेक तापला होता. त्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. चाक पोटात घेतल्यावर टायरचा स्फोट झाला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या फुटल्या, आग लागली. १६७ माणसं गेली. अमेरिकी नियमात आता साफ लिहिलं आहे, की ७५,००० पौंडांहून, म्हणजे साधारण ३४ टनांहून जड विमानाच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांवर नको.

आणखी एक घटना सांगते, कारण ती मला मेक्सिकोहून जास्त खटकते. ११ जुलै १९९१, जेद्दाह. हाजींना परत नेणारं डीसी-८ विमान. दोन टायरांत हवा कमी होती, हे तिथल्या देखभालीच्या लोकांना माहीत होतं. वेळापत्रकाच्या घाईत ते तसंच सोडलं. धावताना टायर फुटले आणि पेटले, पेटलेलं चाक पोटात गेलं. २६१ माणसांपैकी कुणी वाचलं नाही. त्या विमानाला लागत होता फक्त थोडा नायट्रोजन.

दाबोळी समुद्राला लागून, मोपाही फार लांब नाही. खाऱ्या हवेनं चाकांचे भाग गंजत नाहीत का? मोपाला उतरलेलं बरं का? – एक वाचक, पेडणे

मोपाचा नवा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाल्यापासून हा वाद प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकते. चाकांच्या बाबतीत त्यात दम नाही. विमान गोव्याचं रहिवासी नसतं. ते सकाळी दिल्लीला, दुपारी इथं, रात्री बेंगळुरूला. तुम्ही कुठं उतरता यानं फरक पडत नाही, त्याची देखभाल कोणत्या कार्यक्रमानं चालते यानं पडतो. तो कार्यक्रम उत्पादकाच्या कागदांवरून विमान कंपनी बनवते आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, मंजूर करतं.

पण गंजाचा प्रश्न खराच आहे. अंगणात उभी ठेवलेली स्कूटर चवथीपर्यंत कशी होते, ते आपल्याला सांगायला नको. गिअरचं पोलाद तर फार कणखर जातीचं असतं, आणि अशा पोलादाची खोड अशी, की वरचा मुलामा एका ठिपक्याएवढा उडाला तरी तिथून गंज आत शिरतो आणि गंजातून तडा जातो. बाहेरून नुसता मोहरीएवढा फोड दिसतो.

कधी तोही दिसत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये एसएएस कंपनीच्या डॅश-८ क्यू४०० विमानांचा उजवा गिअर तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा कोसळला. ९ तारखेला डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला, १२ तारखेला लिथुआनियातल्या विल्नियसला. गिअर आत-बाहेर ओढणाऱ्या दांड्याच्या टोकाचे आटे आतून गंजून गेले होते. आटे एकमेकांत बसलेले, तिथं टॉर्च काय दाखवणार? कुणी दगावलं नाही. पण १०,००० हून जास्त लँडिंग झालेली त्या जातीची विमानं तपासायला लागली. ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनला तिसरं विमान तसंच बसलं. त्याचं कारण गंज नव्हतं, एक सुटलेली रबरी कडी तेलाच्या वाटेत अडकली होती. कंपनीनं त्या जातीची विमानं कायमची काढून टाकली.

म्हणून गिअरच्या मोठ्या दुरुस्तीला दोन मोजमापं असतात, लँडिंग आणि कॅलेंडर. छोट्या जेट विमानांत साधारण १० वर्षं किंवा १८ ते २० हजार लँडिंग, जे आधी येईल ते. हवेत किती तास गेले, याच्याशी गिअरला देणंघेणं नाही. पुरा गिअर उतरवतात, भाग सुटे करतात, मुलामा काढून नागडं पोलाद चुंबकीय पद्धतीनं तपासतात, नवा मुलामा चढवतात. काही भागांचं आयुष्य लँडिंगांत ठरलेलं असतं. तेवढी झाली की भाग कितीही नवाकोरा दिसो, फेकायचा. अशा प्रत्येक भागाचा क्रमांक आणि जन्मापासूनचा हिशेब ठेवावा लागतो. कागद हरवला तर भागही गेला, मग तो लाखांचा असो. लोक याला लालफीत म्हणतात. मी म्हणणार नाही.

रोजच्या पातळीवर गंजाशी झगडा ग्रीसनंच होतो. निपलला ग्रीसगन लावून दाबत राहायचं. आधी जुनं, काळं, कधी पाण्यानं पांढुरकं झालेलं ग्रीस बाहेर येतं. नव्याचा रंग दिसेपर्यंत थांबायचं नाही. विमान धुतल्यावर हे काम पुन्हा, कारण धुताना सांध्यांतलं ग्रीस निघून जातं. जोराचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर मारणाऱ्या पोरांना मी कितीदा ओरडले असेन. आणि न उडणारं विमान उडणाऱ्यापेक्षा जास्त काम देतं. २०२० च्या टाळेबंदीत विमानं उभी होती तेव्हा टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत म्हणून ठरावीक दिवसांनी चाकं फिरवावी लागत.

चाकांजवळ लाल फिती लोंबताना दिसल्या. कशाला? – एक वाचक, डिचोली

ती सुरक्षा-पिन. विमान जमिनीवर असताना गिअर चुकून मिटू नये म्हणून घालतात. उड्डाणाआधी काढायची असते, म्हणून फीत एवढी भडक. राहून गेली तर चाकं आत जात नाहीत आणि विमान परत आणावं लागतं. म्हणून काढलेल्या पिना मोजून दाखवायची रीत आहे.

हवेत चाकं उघडलीच नाहीत तर? – एक वाचक, सावंतवाडी

हायड्रॉलिक दाब गेला तरी गिअर खाली आणायची पर्यायी सोय प्रमाणपत्राच्या नियमातच आहे. बहुधा कुलूप सोडलं की गिअर स्वतःच्या वजनानं खाली पडतो. ए-३२० त वैमानिकांच्या मधे एक हँडल असतं, ते हातानं फिरवायचं. ही सोयही ठरावीक मुदतीनं जॅकवर चढवून तपासतात.

तरीही १ नोव्हेंबर २०११ ला वॉर्सोला पोलंडच्या लॉट कंपनीचं बोइंग ७६७ पोटावर उतरलं. हायड्रॉलिक तेल गळून गेलं होतं. पर्यायी सोय विजेवर चालणारी, आणि तिच्या वाटेवरचा एक सर्किट ब्रेकर, म्हणजे जादा वीज आली की ती तोडणारी कळ, बाहेर आलेला. एवढंसं बटण! विमानातली २३१ माणसं सुखरूप उतरली. ब्रेकरची पट्टी बोटानं चाचपत जाणारे अभियंते तुम्हाला दिसले, तर ते वेळ काढत नसतात.

मुलगी बारावीला विज्ञान शाखेत आहे, तिला तुमचं काम करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, हे बायकांचं काम नव्हे. – एक पालक, मडगाव

नातेवाइकांना माझा नमस्कार सांगा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. परवाना डीजीसीएचा, कार-६६ या नियमाखाली. चाकं, इंजिन, सांगाडा यांत रस असेल तर बी-१ वर्ग, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांत असेल तर बी-२. परीक्षा मॉड्यूलवार असतात आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव नोंदवहीत भरावा लागतो. नुसत्या परीक्षांवर परवाना मिळत नाही. त्यानंतर त्या-त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण. सही करायचा अधिकार यायला काही वर्षं जातात, तोवर ग्रीस आणि फडकं. अंगमेहनत आहे, पण चाक उचलायला जॅक असतो. बाकी काम नजरेचं आणि पुस्तक वाचण्याचं. आणि रात्रपाळी असणारच, ती तिच्याशी आधी बोलून घ्या.

फी भरण्याआधी ती संस्था प्रशिक्षण संस्थांच्या कार-१४७ या नियमाखाली मान्य आहे का, आणि कोणत्या वर्गासाठी, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा. माहितीपुस्तिकेवरच्या विमानाच्या फोटोवर जाऊ नका. संस्थेत प्रात्यक्षिकासाठी खरं विमान उभं आहे का ते विचारा, आणि असेल तर त्याच्या चाकाखाली जाऊन ग्रीस ताजं आहे का बघून या.