वाचक विचारतात: कॉइलला चांदी चढवू का?

प्रश्न: नमस्कार सर, मामांचा ८०७ व्हॉल्व्हचा घरी बनवलेला ट्रान्समीटर माळ्यावरून खाली काढलाय, ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) आहे. टँक कॉइल (आउटपुटची ट्यूनिंग कॉइल) तांब्याची पण हिरवी पडलीय, दोन-चार वेढे दबलेत. एकजण म्हणतो सिल्व्हर प्लेटिंग कर, दुसरा म्हणतो ॲल्युमिनियमची तार पण चालते. आतल्या रबरी वायरींचा तर भुगाच झालाय. काय वापरू?
– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर: चांदीचे पैसे वाचवा हो. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के बरी, आणि आरएफला (रेडिओच्या उच्च वारंवारतेच्या करंटला) त्यातलाही निम्माच फायदा पदरात पडतो, कारण ७ मेगाहर्ट्झला करंट अख्ख्या तारेतून जातच नाही, वरच्या साधारण २५ मायक्रॉनमधूनच पळतो. म्हणून तर एसीवाल्यांकडची तांब्याची पोकळ नळीसुद्धा कॉइलला मस्त चालते. पण तुमच्या ८०७ ला १४ गेजची उघडी तांब्याची तार पुरे झाली, नळीचा थाट कशाला.

खरं तर आधी जुनीच कॉइल वाचवा. चिंच-मीठ नाहीतर पितांबरी लावून घासा, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा, मीठ राहिलं की कॉइल परत हिरवी झालीच म्हणून समजा. पॉलिश पेपर मारू नका, पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकं बरं. वेढे सरळ करताना मूळ अंतर तेवढंच ठेवा.

ॲल्युमिनियम वाहक म्हणून वाईट नाही, तांब्याच्या ६० टक्के तरी आहे, पण साधं सोल्डर धरत नाही, आणि खाडीच्या दमट खाऱ्या हवेत तांब्याशी जोडलं की तिथे पांढरी भुकटी धरते. मग पॉवर तिथेच, जॉइंटमध्ये वाया जाते. कॉइलच्या वेढ्यावर लावायची टॅपची क्लिप आणि स्क्रू लोखंडी असतील तर पहिले तेच बदला, पितळेचे घाला.

वायरींचं म्हणाल तर फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टवर ०.९ अँपिअर लागतात, तिथे बारीक वायर नको. एचटीला (व्हॉल्व्हच्या हाय व्होल्टेज सप्लायला) टेफ्लॉन किंवा सिलिकॉनची वायर. आणि हात घालण्याआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, ५००-६०० व्होल्ट आहेत तिथे! हॅम रेडिओचं लायसन्स नसेल तर अँटेनाला लावायचा नाही, आणि टेस्टिंग एरवीही डमी लोडवरच (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर).