सुया टोचून घेतल्या तर काउंट वाढेल का, मॅडम?

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न आता इतक्या वेळा ऐकलाय, की समोरचा माणूस दाराकडं एकदा बघून खुर्ची पुढं ओढतो तेव्हाच मला अंदाज येतो. आधी थोडा वेळ झोप लागत नाही, पित्त वाढलंय, चिडचिड होते, असं काहीबाही चालतं. मग मोबाईल पुढं येतो. त्यात वीर्यतपासणीच्या, म्हणजे शुक्राणूंचा काउंट (संख्या) सांगणाऱ्या, रिपोर्टचा फोटो असतो, वरचं नाव नेमकं कापलेला. विचारायचं एवढंच असतं : अमक्यानं ॲक्युपंक्चर केलं, त्याला गुण आला म्हणे, मीही करू का? आणि हे घरी न सांगता जमेल का?

मला यातला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. का, ते एका जोडप्याच्या गोष्टीतून सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

महेश तासगाव भागातला द्राक्षबागायतदार, वय ३३, लग्नाला पाच वर्षं झालेली. त्याला माझ्याकडं पाठवलं ते ॲक्युपंक्चर करणाऱ्या बाईंनीच. सुया लावल्या की वीस-पंचवीस मिनिटं शांत पडून राहायचं असतं. हा तेवढ्या वेळात चारदा विचारायचा, "वाढंल न्हवं?" शेवटी त्या म्हणाल्या, हे माझ्या सुयांचं काम नाही, आणि माझा नंबर दिला. आपल्या उपचाराची हद्द ओळखणारी अशी माणसं थोडी असतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

या पाच वर्षांत त्याच्या बायकोचं, सुजाताचं, सगळं करून झालं होतं. मिरजेला दाखवलं, नळ्यांचा एक्स-रे झाला, सोनोग्राफ्या, थायरॉईड, महिन्याच्या महिन्याला गोळ्या. औदुंबरला प्रदक्षिणा झाल्या. कुणाच्या तरी सांगण्यावरून एक कडू काढा झाला. महेशची पहिली तपासणी मात्र नुकतीच झाली होती.

"इतक्या उशिरा का?" मी विचारलं.

"ती जातच हुती की दवाखान्यात. मग मी कशाला?"

हे उत्तर मी शिकलेल्यांकडूनही ऐकते, फक्त भाषा जरा गुळगुळीत असते. मूल राहायला अडचण येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. त्यात वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी. तरी आपल्याकडं ती सगळ्यांत शेवटी होते. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पहिल्या भेटीत मी त्याला रिपोर्ट मोठ्यानं वाचायला लावला.

"काउंट नव्वद लाख. पायजे एक कोटी साठ. हालचाल अठ्ठावीस टक्के, पायजे बेचाळीस. चांगल्या आकाराचे तीन टक्के! म्हंजे सत्त्याण्णव टक्के खराब. मॅडम, मी नापास हाय."

"हा पास-नापासाचा आकडा कुणी ठरवला?"

"जागतिक आरोग्य संघटना. हितं खाली लिवलंय."

"कशावरून ठरवला असेल?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बहुतेकांना माहीतही नसतं. संघटनेनं २०२१ साली काढलेल्या आवृत्तीत हे आकडे आहेत : एका मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, चांगल्या आकाराचे ४ टक्के. ते काढले कसे? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांची तपासणी करून. त्यांच्यात सगळ्यांत खालचे पाच टक्के जिथं संपतात, तिथं ही रेघ मारली.

महेशनं हिशेब घातला. "म्हंजे शंभरातले पाच जण या रेघंच्या खाली असून बाप झाले?"

"मोजले होते तेच बाप झालेले होते."

आणि चांगल्या आकाराचे चारच टक्के असले तरी रिपोर्ट ठीक धरतात, हे कळल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला. मी त्याला खोटा धीर दिला नाही. नव्वद लाख कमीच आहेत, हालचालही कमी आहे, त्यामुळं दिवस राहायला जास्त वेळ लागू शकतो किंवा मदत लागू शकते. पण रिपोर्टात इंग्रजीत फक्त शुक्राणूंची संख्या कमी असं लिहिलं होतं. त्याच्यापुढं "नामर्द" हे त्यानं स्वतः लिहिलं होतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. आधी रडू आवरा म्हणण्यापेक्षा मनातलं वाक्य टेबलावर ठेवून तपासायचं, ही माझी सवय. काही सहकाऱ्यांना ती कोरडी वाटते. सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना मात्र ती चटकन कळते, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या भेटीत तो बोलत असताना त्याचे हात माझ्या लक्षात आले. प्लॅस्टिकच्या कागदातला मावा दोन्ही तळव्यांत धरून तो घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना. घोटता घोटता मला सांगत होता, की सुयांचे आठ हप्ते झाले, तेवढेच पैसे एका पावडरीला घातले, अजून काय करू? मी काही न बोलता त्याच्या हातांकडं बघत राहिले. त्यानंही खाली बघितलं, ओशाळला आणि पुडी खिशात घातली.

"हे सोडलं तर किती दिवसांत कळंल?"

"तीन महिने धरा."

"तीन महिने? का?"

मी समजावलं. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, त्यानंतर पुढच्या नळीत पक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. आज तपासणीला दिलेल्या नमुन्यात जे दिसतं त्याची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. मध्ये कडक ताप आला असेल तर त्याचा फटकाही पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टात दिसतो. महेशला तपासणीच्या दीड-दोन महिने आधी चिकुनगुनिया होऊन गेला होता. ते त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तो गप्प झाला. मग एकदम म्हणाला, "खरड छाटणी."

मला कळलं नाही. मग त्यानंच मला शिकवलं. एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी करतात. पुढं दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात घड धरतो, पण वरून काही दिसत नाही. दिसतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर, फूट निघते तेव्हा. "घड कमी निघाले म्हणून ऑक्टोबरात कितीबी औषध मारा, काय उपेग? घोळ झालेला असतो मे-जूनमध्ये. पाणी जास्त दिलेलं असतं, न्हाय तर ढगाळ हवा पडलेली असती." आणि थोडा थांबून, "म्हंजे मॅडम, ह्यो रिपोर्ट आत्ताचा माझा न्हायच. ताप आला हुता, रात्रंदिवस फवारण्या चालू हुत्या, दिवसाला सात-आठ पुड्या मावा चालला हुता, तवाचा हाय."

या वाक्यानंतर माझं काम निम्म्यानं हलकं झालं. बागेत घड कमी निघाले तर कुठलाच बागायतदार स्वतःला नामर्द म्हणत नाही. तो वही काढतो, पाणी किती दिलं, खत काय टाकलं, ऊन कसं होतं ते बघतो. स्वतःच्या शरीराकडं महेशनं तसं कधी बघितलंच नव्हतं. तिथं त्याला फक्त लाज माहीत होती, आणि लाज वाटणारा माणूस असा उपाय शोधतो जो कुणाला दिसणार नाही. सुया, पावडर आणि नाव कापलेला फोटो हे त्यातूनच आलं होतं. खरड छाटणीचं हे उदाहरण मी त्यानंतर अनेकांना सांगितलंय. बागायतदारांना एका वाक्यात कळतं. एका बँकेतल्या साहेबांना मात्र आधी छाटणी म्हणजे काय हेच समजावावं लागलं, त्यात तास गेला.

महेशनं फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं वेळापत्रक लिहून आणलं. मावा बंद, तो जमेना तेव्हा डॉक्टरांकडून निकोटीनचे च्युइंगम घेतले. तंबाखू ओढा नाहीतर चघळा, शुक्राणूंना दोन्ही वाईट. फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि काम झालं की साबणानं आंघोळ. बंबाचं कडक पाणी बंद, कारण अंडकोष शरीराबाहेर असतात तेच मुळी त्यांना दोन-चार अंश गारवा लागतो म्हणून. तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांनी आणि भट्टीजवळ काम करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. मोटर चालू करायला रात्रीची लाईट असते, त्यामुळं झोपेचं खोबरं झालेलं. त्यासाठी चुलतभावाशी पाळी लावून घेतली. पोट कमी करायला संध्याकाळी चालणं.

आता दुसरा प्रश्न, घरी न सांगता जमेल का. मी सुजाताला बोलवायला सांगितलं. तो तीन आठवडे टाळत राहिला. ती आली ती घुश्शात. दर मंगळवारी नवरा सांगलीला जातो, मोबाईल उलटा ठेवतो, यातून तिनं वेगळाच अर्थ काढला होता. रिपोर्ट तिच्या हातात दिल्यावर तिनं तो दोनदा वाचला.

"अहो, चार वर्षं मी एकटीच त्या टेबलावर झोपत होते," ती म्हणाली. "तुम्हालाही सुया टोचतात हे ऐकून आज पहिल्यांदा बरं वाटलं बघा."

महेशनं मान खाली घातली. मी मध्ये पडले नाही. तिला ते बोलून टाकायचं होतं आणि त्याला ते ऐकायचं होतं. मग तिनंच विचारलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांत तुम्हाला नेमकं मार्केट यार्डातलं काम का निघायचं? त्या दिवशी जमलंच नाही तर, ही महेशची धास्ती. आणि बाकीचे दिवस त्या दिवसासाठी "साठवून" ठेवणं. ही साठवणुकीची समजूत आपल्याकडं फार खोल आहे. फार दिवसांच्या खंडानंतर संख्या वाढलेली दिसते, पण हालचाल आणि दर्जा घसरतो. तपासणीआधी दोन ते सात दिवसांचा खंड ठेवतात, तो नमुन्यापुरता. एरवी दिवस मोजत बसण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी जवळ येणं पुरेसं असतं. आणखी एक गोष्ट तिच्या बोलण्यातून निघाली : फवारणीचे कपडे ती हातानं, उघड्या हातांनी धूत होती. तेही त्या दिवशी बंद झालं.

ॲक्युपंक्चरचं काय, हे वाचणाऱ्याला हवं असेल. मी त्याच्या विरोधात नाही. काही छोट्या अभ्यासांत शुक्राणूंची हालचाल सुधारलेली दिसली, काहींत फरक पडला नाही, आणि त्यानं मूल राहण्याचं प्रमाण वाढतं असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा नाही. महेशला मिळालं ते असं, की आठवड्यातून अर्धा तास तो फोन बंद करून पडून राहायला लागला, झोप सुधारली. ते मला कमी वाटत नाही. करणार असाल तर महाराष्ट्राच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडं नोंदणी असलेल्या माणसाकडं जा, सुई दर वेळी नवी, पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हवी, आणि डॉक्टरांचं औषध त्यापायी बंद करू नका. "काउंट वाढवून देतो" अशी हमी देणाऱ्याकडून उठून या.

पावडरींबद्दल मी जास्त कडक आहे. अमेरिकेत २,३०० हून अधिक पुरुषांना सहा महिने झिंक आणि फोलिक ॲसिड देऊन बघितलं. २०२० साली आलेल्या त्या निकालात वीर्याचा दर्जाही सुधारला नव्हता आणि मुलंही जास्त झाली नव्हती. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर उलटं काम करतात : शरीर स्वतःचं शुक्राणू बनवणं थांबवतं. दंड फुगलेले आणि काउंट शून्य असे तरुण माझ्याकडं येतात, आणि त्यांना हे जिममध्ये कुणी सांगितलेलं नसतं.

आणि एक : रिपोर्ट घेऊन आधी मूत्ररोगतज्ज्ञाकडं जा, हातानं तपासून घ्या. महेशच्या डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, व्हेरिकोसील. मूल राहत नसलेल्या पुरुषांत हे बऱ्याच जणांत सापडतं आणि फोटोतल्या रिपोर्टवरून ते कळत नाही. काउंट शून्य असेल, अंडकोषात गाठ किंवा दुखणं असेल, किंवा बायकोचं वय ३५ च्या पुढं असेल, तर तीन महिने वाट बघण्यातही वेळ घालवू नये.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला : १ कोटी ४० लाख, हालचाल ३६ टक्के. अजून रेघेच्या खालीच. ताप ओसरल्यामुळं किती आणि मावा सुटल्यामुळं किती, ते वेगळं काढता येत नाही, आणि मी श्रेय घेत नाही, घ्यावंसं वाटलं तरी. या वेळी रिपोर्ट सुजातानं वाचला. डॉक्टरांनी शिरांच्या ऑपरेशनचा विचार आणि त्याआधी काही महिने प्रयत्न, असं दोन्ही समोर ठेवलंय. ते दोघं मिळून ठरवणार आहेत.

जाताना महेशनं विचारलं, "सुया चालू ठेवू का?"

"पैसे आणि वेळ असेल तर ठेवा."

"आन् मावा?" हे सुजातानं विचारलं, माझ्याकडं बघत नव्हती.