आठ महिन्यांच्या बाळाला घरचं हुमण-शीत (माशाची आमटी नि भात) द्यावं का? मिठाचं काय करायचं?

द्या की! फक्त मीठ-मिरची पडायच्या आधी बाळापुरतं बाजूला काढा. वर्षाखालच्या बाळाला दिवसाला 1 ग्रॅमहूनही कमी मीठ पुरतं आणि तेवढं दुधातून, अन्नातून आपसूक मिळतं. उकड्या तांदळाची पेज मऊ घोटून घ्या, वर नारळाचा रस, हळद, चिमूटभर धणेपूड. सोलं (आमसुलं) मात्र बाळाच्या वाटीत नकोत. बाजारची बऱ्याचदा मीठ लावूनच वाळवलेली असतात. खारं (खारवलेली सुकी मासळी), सुकी सुंगटं (कोळंबी), लोणचं, बाटलीतला सॉस तर लांबच ठेवा. ताजी मासळी चालते, पण काटे बोटांनी चाचपून काढा. सासूबाई विचारतीलच, ‘अळणी कसं गो खाईल?’ खारटाची सवयच नसलेलं बाळ मिटक्या मारत खातं, बघा.