देशमुखीची वंशावळ आहे, तर पदवी वारशाने मिळते का? (ठाणे)

नाही, देशमुखी आता वारशाने मिळत नाही. आडनाव तेवढं तुमचं, ते कोणी काढून घेत नाही. मुळात हा नुसता मानाचा किताब नव्हता, परगण्याच्या (अनेक गावांच्या गटाच्या) महसूल वसुलीचं वतन, म्हणजे पिढीजात हक्क होता, आणि ते वतन आपल्या भागात मुंबई परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याच्या १९५० च्या कायद्याने संपलं. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे तर १९७१ मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने गेले. म्हणून पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हारच्या राजघराण्यातही ‘महाराज’ म्हणणं हा लोकांनी दिलेला मान, कायद्याचा हक्क नव्हे.

वंशावळ तरी जरूर जुळवा. तहसील कार्यालयातले जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) बघा, पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे (मोडी वाचणारा सोबत हवाच), पण खरी मजा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की नशीब असेल तर पणजोबांच्या हातची सही असलेलं पान समोर येतं.

फक्त वतनाची जमीन रक्कम भरून घराण्याला परत मिळाली असेल, तर तिचा वारसाहक्क हा वेगळा विषय. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का ते आधी पाहा.